मुठीच्या भाताची पंगत

ये, अशी जवळ सरक. कागदावरून हाक मारतेय म्हणून लांब बसू नकोस. परवा फोनवर तू मला जे बोललीस ना, ते मला आवडलेलं नाही. "आजी, या वयात रस्त्यावर बसून कशाला भांडायचं?" म्हणे. पुण्यात बसून तू मोबाइलवर इतकुसं काहीतरी बघितलंस. त्यात तुझी आजी देवळाच्या गेटबाहेर पत्रावळीसमोर बसून कुणा पोराला सुनावताना दिसली आणि तू लगेच फोन लावलास. आधी विचारायचं तरी, काय झालं म्हणून. एवढ्या मोठ्या कंपनीत काम करतेस, तिथंही अर्धंच वाचून सही ठोकतेस काय गं?

म्हणून आता सगळं लिहूनच काढते. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतेस आणि पलीकडं कुणाशी वेगळंच बोलत असतेस. लिहिताना मला मध्ये कुणी तोडत नाही.

तर आधी मुठीचं सांगते. लहानपणी सुट्टीत आलीस की ते काम तुझ्याकडं असायचं, आठवतंय का बघ. भाताला तांदूळ घेतले की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ ओट्यावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. रविवारी तो डबा देवळात न्यायचा आणि मागच्या खोलीतल्या पिंपात ओतायचा. आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या सगळ्या बायका हेच करत आल्या आहेत. त्या पिंपातून कुणा आजारी माणसाच्या घरी तांदूळ जातात, कुणाचं काम सुटलं असेल तर तिथं जातात, आणि जे उरतं त्याचा सुगीच्या सणाला भात होतो.

आता गंमत बघ. त्या पिंपात कुणाचा आजऱ्याचा घनसाळ, कुणाची इंद्रायणी, कुणाचा रेशनचा जाडा, कुणाची कणी. सगळं एकात एक. त्यामुळं भात शिजतो तो कसला म्हणतेस. एक शीत लोण्यासारखं आणि शेजारचं दाताखाली कचकन. दर वर्षी कुणीतरी नवी सून विचारतेच, वेगवेगळं का ठेवत नाही म्हणून. मीही नवी असताना विचारलं होतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "वेगळं ठेवलं की दिसतंय, घनसाळ कुणी आणला आन् रेशनचा कुणी आणला. मग त्यो तांदूळ ऱ्हात न्हाय, मोठेपणा हुतोय." आणि दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी आजवर पाळली. मूठ टाकताना मनात कुणाचं नाव धरायचं नाही. ही अमक्यासाठी, ही आपल्यातल्या तमकीसाठी, असं काही नाही. एकदा हातातून सुटली की ती मूठ आपली नाही, त्यामुळं ती कुणी खायची हेही आपण ठरवायचं नाही.

सुगीच्या सणाला उपासना झाली की अंगणात पंगत. वेदीजवळ ऊस बांधलेला, जोंधळ्याची कणसांसकट ताटं, भोपळे, गुळाच्या ढेपा, आणि बाहेर लांबच लांब सतरंज्या. गेट सताड उघडं. गल्लीतलं जो कुणी येईल तो बसणार. पंचांनी वाढायचं आणि सगळ्यात शेवटी पाळकांनी जेवायचं, ही रीत. आणि मटण करायचं नाही. कोल्हापुरात सणाला मटण नाही म्हणजे केवढं मोठं दुःख ते तुला ठाऊक आहे. तुझे आजोबा दर वर्षी त्या दिवशी तोंड पाडून बसायचे. पण शेजारी जैनांची घरं, पलीकडं माळकरी, कुणालाही "मी हे खात न्हाय" म्हणायची वेळ यायला नको, म्हणून भात, आमटी, वांगी आणि खपली गव्हाची खीर.

या पंगतीत आक्का दर वर्षी माझ्या उजव्या हाताला बसते. आक्का म्हणजे आपली म्हशीवाली, जिच्या गोठ्यात तू वासराला बिस्किटं चारायचीस. तिचे मालक आणि तुझे आजोबा एकाच तालमीत लाल मातीत लोळले, म्हणून ती मला जाऊबाई म्हणते. ती देवाला हात जोडते ते तिच्या देवाला, मी माझ्या. त्यावरून आमच्यात कधी चकार शब्द झालेला नाही, भांडणं झाली ती दुधात पाणी घालण्यावरून. सणाच्या दिवशी ती ताकाचा मोठा कॅन घेऊन येते. मंडळीत लग्न करून आलेल्या कित्येक सुनांपेक्षा ती त्या पंगतीत जुनी आहे.

मागच्या वर्षी काय झालं, तीन पोरं गेटात येऊन उभी राहिली. आपल्या गल्लीतली नव्हेत. हातात मोबाइल धरून त्यांनी सगळ्या पंगतीवरून फिरवला आणि एकानं आक्काला विचारलं, "मावशी, तुम्ही यांच्यातल्या हाय काय?"

"न्हाय," आक्का म्हणाली.

"मग हितं कशाला जेवालाय? काय देत्यात तुमाला?"

"मीच दिलंय त्येंना. ते ताक माझ्या म्हशीचं हाय. माझं ताक मी पितोय, तुला काय करायचंय?"

लोक हसले, पोरं गेली. आम्हाला वाटलं झालं ते. पण तो व्हिडिओ कुठं कुठं फिरला आणि आक्काच्या मुलाला तालमीत कुणीतरी चार शब्द ऐकवले. तुझी आई आता गळ्यात क्रूस घालणार काय, वगैरे. तो बिचारा दुधाचा रतीब घालणारा, त्याची गिऱ्हाइकं सगळीकडची. तो घरी येऊन आईवर चिडला. आणि इकडं आपल्या पंचांनी धसका घेतला.

या वर्षी सणाच्या आधी महिनाभर, उपासना संपल्यावर तुझे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, पुढं येऊन उभे राहिले. ते पंचांचे सचिव आहेत हे तुला माहीत आहे, ते विसरू देत नाहीत. त्याच आठवड्यात देवळाच्या दारात एक मोठा रंगीत फ्लेक्स लागला होता. वर लिहिलंय, 'आमची मूल्ये', आणि खाली प्रीती, सेवा, क्षमा, आतिथ्य, सगळं ओळीनं. तो फ्लेक्स सगळ्यांना दाखवून झाल्यावर भावजी म्हणाले, की यंदा सुगीचं जेवण फक्त मंडळीच्या लोकांसाठी राहील, उपासनेनंतर गेट बंद होईल आणि स्वयंपाक केटरर करेल. आणि आता बाहेरचं कुणी नसल्यामुळं मटण ठेवायला हरकत नाही.

मटण म्हटल्यावर पुरुषांच्या बाजूचे चेहरे बघायला हवे होतेस. अर्ध्या लोकांनी गेटाचं ऐकलंच नाही, तांबडा-पांढरा रस्साच ऐकला.

मी उठले. म्हटलं, "भावजी, त्या फ्लेक्सवरची चौथी वळ वाचा की जरा मोठ्यानं."

"वहिनी, बसा खाली. विषय झालाय."

"आतिथ्य लिवलंय तिथं. पाव्हण्याला गेटाभायेर ठेवायचं त्येला आतिथ्य म्हणत्यात व्हय?"

"दिवस बघा की कसले आल्यात. उद्या कोण म्हणालं, जेवण घालून धर्म बाटवत्यात, तर पोलीस स्टेशनला कोण जाणार, तुम्ही का मी?"

"मी जातो की. मला तिथं बसायला खुर्ची तरी देतील, तुमी ती बी देईना झालाय."

पाळकसाहेब मध्ये पडले. नगरकडचा तरुण माणूस, नवीन आलेला, स्वभावानं गरीब. म्हणाले, "आजी, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण जबाबदारी आमच्यावर येते."

मी त्यांना म्हटलं, "साहेब, प्रभूनं डोंगरावर माणसं गवतावर बसवून जेवू घातलं, तेव्हा कुणाला विचारलं का तू कुणाचा? ज्या तांदळावर आम्ही कधी कुणाचं नाव घातलं नाही, तो खाणाऱ्याला तुम्ही दारात नाव विचारणार?"

त्यांनी भावजींकडं बघितलं. पण ठराव झालेलाच होता.

खरं सांगते, नुसते पंच घाबरले असते तर मला एवढं लागलं नसतं. बायकाही घाबरल्या होत्या. मागच्या खोलीत आम्ही बसलो तेव्हा एक शिक्षिका आहे आपल्यात, ती माझ्यावर भडकली. म्हणाली, "तुमचं काय जातंय आजी? तुम्ही म्हाताऱ्या. उद्या माझ्या पोराच्या शाळेत कुणी त्याला बोललं तर? मला रोज त्या स्टाफरूममध्ये बसायचंय." तिचं खोटं नव्हतं. मी तिला उलटं बोलले नाही. एवढंच म्हटलं, की भिऊ नको असं मी म्हणत नाही, मलाही भीती वाटते. पण भीती वाटली म्हणून आपण ज्याचे आहोत ते सोडायचं असेल, तर मग रविवारी तिथं जाऊन आपण नेमकं काय करतो ते मला कुणीतरी सांगा.

आणि मग मी पिंपावरचं झाकण काढलं. म्हटलं, "केटरर येणार हाय न्हवं? मग ह्यो तांदूळ त्येला लागायचा न्हाय. बायकांनी घातलेला हाय, बायकाच शिजवतील. आत जागा नसंल तर भायेर."

"भायेर म्हंजे कुठं?" एकीनं विचारलं.

"गेटाच्या भायेर. गल्लीत. रस्ता काय सचिवांच्या नावावर न्हाय."

कुणी हसलं नाही. पण उठूनही कुणी गेलं नाही. शिक्षिका तेवढी पर्स उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी मी आक्काच्या गोठ्यात गेले. ती धार काढत होती. तिला सगळं आधीच कळलेलं. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "जाऊबाई, मी काय येत न्हाय ह्या वर्षी. माझ्यापायी तुमच्यात भांडणं नकोत. ताक पाठवून देतो."

"ताक नको मला. तू ये."

"पोरगं नको म्हणालंय."

"पोरगं तुझ्या पोटचं हाय का तू त्याच्या?"

"त्याला रोज चार लोकांत उठाबसायला लागतंय. तू मला शिकवू नको."

मला राग आला. म्हटलं, "बरं, मग दिवाळीला मी बी तुझ्या घरात पाय ठेवणार न्हाय. माझ्या देवळात तुला जागा न्हाय आन् तुझ्या ओसरीवर मी लाडू खात बसू? मला जमायचं न्हाय ते."

तेव्हा तिनं वर बघितलं. मुलगा दारात कॅन धूत उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. मी जाता जाता त्याच्यासमोर थांबले. मला त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तुझे आजोबा गेले तेव्हा पेटी उचलायला आपल्यातली माणसं कमी पडली होती, दोघं पुतणे मुंबईहून पोचले नव्हते. तेव्हा या पोरानं न बोलावता पुढं होऊन खांदा दिला होता, आणि दफनभूमीपर्यंत बदलू दिला नव्हता. हे त्याला आठवून द्यावं असं ओठावर आलं. पण उपकार उलटे मोजून दाखवल्यासारखं झालं असतं. म्हटलं, "पोरा, कॅनचं बूड नीट घास." आणि आले.

म्हणजे सणाच्या दिवशी सकाळपर्यंत मला माहीत नव्हतं ती येणार का नाही. भात करायचा हे ठरलं होतं, पण माझ्या उजव्या हाताची पत्रावळ रिकामी राहिली असती तर मी हरले असते, मग बाहेर शंभर माणसं का बसेनात.

आम्ही माझ्या घरामागच्या परड्यात चुली मांडल्या. पाळकीणबाई आल्या, मी बोलावलं नव्हतं. पदर खोचला आणि वांगी चिरायला बसल्या. मी म्हटलं, "साहेब रागावतील." तर म्हणाल्या, "ते त्यांचं उपदेशाचं बघतील, मी वांग्यांचं बघते." उपासनेला आम्ही सगळ्या आत जाऊन बसलो, गीतं म्हटली, आशीर्वाद घेतला. प्रभूशी आमचं भांडण नव्हतं. उपासना संपली, आम्ही बाहेर पडलो, आणि मागं भावजींनी स्वतःच्या हातानं गेटाची कडी घातली. तो आवाज मी ऐकला. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या सणाला त्या गेटाची कडी मी कधी ऐकली नव्हती.

गल्लीच्या कडेला भिंतीला लागून सतरंज्या टाकल्या. गल्लीतले लोक आधी नुसते उभे राहून बघत होते, बसावं का नको अशा विचारात. शेवटी पलीकडच्या घरातली आजी, जी एरवी कांदालसूण असलेलं ताट लांबूनसुद्धा बघत नाही, ती काठी टेकत आली आणि खाली बसत म्हणाली, "खीर हाय न्हवं? मग उभं काय ऱ्हायलाय सगळी?" मग लोक बसले. आतून मटणाचा असा वास सुटला होता की काय सांगू. आमच्यातल्याच एकीचे मालक आत बसले होते. ती भात वाढता वाढता म्हणाली, "घरी येऊ दे त्यांना, हफ्ताभर दोडका घालतो."

आणि मोटरसायकल आली. मुलगा चालवत होता, मागं आक्का, मध्ये कॅन. तो कॅन उतरवून सरळ निघून जाईल असं मला वाटलं. आक्का माझ्याशेजारी येऊन बसली, मांडी घालताना नेहमीसारखी "आई गं" म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता पुटपुटली, "दिवाळीचं बोलालतीस ते माघारी घे आदी."

"घेतलं," मी म्हटलं.

ती पोरंही आली, यंदा दोनच होती. तू बघितलेलं ते यानंतरचं. एकानं मोबाइल काढला आणि विचारलं, "आजी, हे कशासाठी चाललंय?" मी म्हटलं, "भूक लागली म्हणून. तुला लागली असंल तर बस, न्हायतर माझ्या उन्हात उभा राहू नको. आन् काढतोयस तर नीट काढ, माझं तोंड दिसू दे. मी कुठं लपत न्हाय." एवढंच तू बघितलंस. पुढचं त्यानं दाखवलं नाही. त्यानं मोबाइल आक्काकडं वळवला, तेव्हा तिचा मुलगा मध्ये येऊन उभा राहिला. दांडगा आहे तो, तुला माहीत आहे, पण आवाज चढवला नाही. म्हणाला, "ती माझी आई हाय. तिचं काढतोस तर माझं बी काढ. आन् खाली लिव, दूधवाला बी हितंच जेवला." आणि आईच्या शेजारी खाली बसला. कुणाची तरी पत्रावळ स्वतःकडं ओढली आणि भात मागितला.

पोरं थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. जेवली नाहीत. त्यांचं मन वगैरे पालटलं असं मी तुला खोटं लिहिणार नाही.

इकडं गेटाच्या आत भावजी उभे होते, गजांना धरून. इतकी वर्षं त्या पंगतीत भात वाढायचं काम त्यांचं. आम्ही वाढत होतो ते त्यांना बघवेना. अखेर आतूनच ओरडले, "अगं, त्या टोकाला भात पोचला न्हाय. मुलं बसल्यात तिथं."

आक्का घास थांबवून म्हणाली, "मग या की भावजी वाढायला. का कडी आतनंच अडकली?"

ते मागं फिरले आणि आत गेले. मला तेव्हा हसू आलं होतं, आता लिहिताना येत नाही. त्या माणसाला माझ्या हातचं खाऊन मिसरूड फुटलं.

सगळे उठल्यावर पाळकसाहेब कडी काढून बाहेर आले. ताट आत वाढलेलं तसंच ठेवून आले होते म्हणे. म्हणाले, "आजी, पाळकानं शेवटी जेवायचं ना?" भात तळाचा होता, थोडा लागलेला. बसले, गुमान खाल्ला. पण गेट उघडं ठेवू असं काही त्यांनी म्हटलं नाही, आणि मीही त्यांच्याकडून वदवून घेतलं नाही.

तर असं झालं. भावजी माझ्याशी बोलत नाहीत. शिक्षिका माझ्यापासून दोन बाकं मागं बसते. आक्काच्या मुलाची तीन घरं रतीबाची तुटली, त्याबद्दल विचारलं तर तो म्हणतो, त्यांचं बिल असंही बाकी असायचं. आणि पंचांनी पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी सभा ठेवली आहे. विषय लिहिलाय, 'शिस्तभंग'. म्हणजे मी. माझ्याबरोबर चुलीपाशी बसलेल्या बायकाही. पुढच्या वर्षी ते गेट उघडं राहणार का बंद, ते त्याच दिवशी ठरेल, कारण आम्ही गप्प झालो की मग कडी कायमची झाली. माफी मागा म्हणतील. चुकून कुणाला दुखावलं असेल तर त्याची मागेन, भावजींची तर आधी मागेन. पंगतीची मागणार नाही. मला मंडळीतून काढलं तरी त्या गेटासमोर सतरंजी टाकायला मला कुणाचा शिक्का लागत नाही.

तू मला शांत बस म्हणालीस. बसेन की, तिथंच, पहिल्या बाकावर. तू एक कर. सभेच्या आदल्या शनिवारी संध्याकाळची गाडी धर आणि ये. बरेच दिवस झाले, तोंड दाखवलेलं नाहीस. सभेत काही बोलायची गरज नाही, तुला बोलता येतं ते सगळ्यांना माहीत आहे. नुसती माझ्या शेजारी बस. लवकर ये, बाळ.